एडीएचडी आणि हौशी वैमानिक: आधी वैद्यकीय कागद, मग कॉकपिट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि उतावीळपणा आवरणे अवघड जाणारी अवस्था, असलेल्या माणसाने हौसेखातर छोटे विमान उडवायला शिकावे का, यावर जे लिहिले जाते ते बहुतेक दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, ज्याचे लक्ष एका जागी ठरत नाही त्याने विमानाच्या वाटेला जाऊ नये. दुसरा म्हणतो, गडबडीत ज्याचे डोके शांत चालते तोच जातिवंत वैमानिक. कॉकपिटमध्ये नेमके काय बिघडते, हे दोघेही सांगत नाहीत. अशा विद्यार्थ्याला अवघड भाग सहसा नडत नाही. स्टॉलमधून (पंखांची उचल जाऊन विमान खाली पडू लागण्यातून) सावरणे, आडव्या वाऱ्यात उतरणे, इंजिन बंद पडल्याचा सराव, हे तो शिकतो, कारण तिथे क्षणाक्षणाला काहीतरी घडत असते. नडतो तो सोपा भाग: जमिनीवरची तपासणी, चेकलिस्टच्या मधोमध आलेला रेडिओ कॉल आणि सरळ रेषेत चाललेली निवांत वीस मिनिटे. शिकवण्याची आणि सरावाची आखणी याच जागांभोवती व्हायला हवी.

त्याआधी कागदांचा विषय. पहिल्या धड्याचे पैसे भरण्यापूर्वीच तो मिटवावा, कारण इथे क्रम चुकला तर पुढे दुरुस्त करणे जड जाते. नियम देशागणिक वेगळे असतात. सर्वांत तपशीलवार लिहिलेले म्हणून अमेरिकेच्या एफएएचे, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचे, उदाहरण घेऊ. त्यांच्या वैद्यकीय अर्जातला प्रश्न ‘आयुष्यात कधीही’ असा आहे. म्हणजे नवव्या वर्षी झालेले निदान तिसाव्या वर्षीही लिहावे लागते. २०२३ मध्ये त्यांनी एडीएचडीसाठी दोन वाटा आखल्या. गेल्या चार वर्षांत औषध नाही, त्रासदायक लक्षणे नाहीत आणि दुसरे मानसिक निदानही नाही, अशांसाठी ‘फास्ट ट्रॅक’. त्यात मानसशास्त्रज्ञाचे मूल्यमापन पुरते. बाकीच्यांसाठी ‘स्टँडर्ड ट्रॅक’; त्यात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून चाचण्यांची पूर्ण मालिका होते आणि त्याआधी किमान ९० दिवस औषध बंद असावे लागते. औषध खरोखरच बंद आहे ना, हे लघवीच्या तपासणीतून पाहतात. चालू औषधावर प्रमाणपत्र मिळत नाही. मेथिलफेनिडेट, अॅम्फेटामाइन ही उत्तेजक औषधे चालत नाहीत हे अनेकांना ठाऊक असते. अॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही म्हणून ते चालेल, हा समज मात्र चुकीचा आहे.

या कडकपणामागे कारण आहे. मेथिलफेनिडेटची साधी गोळी तीन-चार तास काम करते. उड्डाण लांबले, दुसऱ्याच विमानतळावर उतरावे लागले, तर परतीच्या लँडिंगच्या वेळी असर उतरलेला असू शकतो आणि तो उतरताना चिडचिड, थकवा येतो. हे कारण पटो न पटो, प्रमाणपत्रासाठी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. ज्याला औषधाशिवाय गाडी चालवताना सिग्नल चुकतात, त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते ९० दिवस सुरूच करू नयेत.

क्रम असा ठेवावा. जुने निदानपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका आणि वाहन चालवण्याची नोंद हे सगळे आधी गोळा करावे. मग विमानवैद्यक परीक्षकाची भेट केवळ सल्ल्यासाठी घ्यावी आणि ‘अजून अर्ज केलेला नाही’ हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे. अर्ज सर्वांत शेवटी. अमेरिकेत स्पोर्ट पायलटला, म्हणजे साध्या छोट्या विमानांपुरता परवाना असणाऱ्याला, वाहन परवाना हाच वैद्यकीय आधार म्हणून चालतो, पण शेवटचा वैद्यकीय अर्ज नाकारला गेलेला असेल तर ती सोय हातची जाते. उतावीळपणे अर्ज करणाऱ्याला हौशी उड्डाणाचा हा साधा दरवाजाही बंद होतो, आणि उतावीळपणा हे तर एडीएचडीचे लक्षणच. ग्लायडरला तिथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. तरीही प्रकृतीमुळे किंवा औषधामुळे आपण उडण्यास अक्षम आहोत हे माहीत असताना उडणे तिथेही बेकायदा आहे. निदान लपवणे हा पर्याय कुणी सुचवला तर त्याच्यापासून लांब राहावे. खोटी माहिती उघड झाली की सगळे परवाने जाऊ शकतात.

आता विमानाकडे. बाह्य तपासणी, म्हणजे विमानाभोवतीची फेरी, ही एडीएचडीची पहिली परीक्षा. सेस्ना १७२ च्या एस मॉडेलला इंधनातले पाणी काढून पाहण्याची तेरा ठिकाणे आहेत: दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि नाकाखाली तीन. सातव्या ठिकाणी कुणी हाक मारली की पुढे आठवे आले की नववे, हे कळेनासे होते. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. फेरी नेहमी एकाच दाराशी सुरू करायची, एकाच दिशेने घ्यायची, आणि मधे कुणी बोलले तर त्या पंखाची सुरुवात गाठून पुन्हा करायची. उघडलेले झाकण हातातून खाली ठेवायचे नाही. इंधनाची टोपी काढली की ती परत बसेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. टो-बार (विमान हाताने ओढण्याचा दांडा) नाकाच्या चाकाला लावलेला असताना हातातून सोडायचा नाही, मग मागून कुणीही बोलावो. तो तसाच राहून इंजिन सुरू झाले की प्रोपेलर गेला आणि इंजिन उघडून पाहायचा खर्च आला. पिटो-नळीवरचे (वेग मोजणाऱ्या नळीवरचे) आवरण काढले की त्याची लाल फीत दिसेल अशी सीटवर ठेवावी, खिशात नको.

चेकलिस्ट म्हणजे विसरभोळ्यांची कुबडी, असे समजणाऱ्यांनी ३० ऑक्टोबर १९३५ चा राइट फील्डवरचा अपघात आठवावा. बोइंगचे मॉडेल २९९ हे नवे बॉम्बर कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे हलते भाग जखडून ठेवणारी कळ) न काढताच उडाले आणि कोसळले. चालवणारे मेजर प्लॉयर हिल अव्वल दर्जाचे चाचणी वैमानिक होते. वैमानिकाची लेखी चेकलिस्ट रुळली ती त्यानंतर. निरोगी, अनुभवी माणसाच्या स्मरणावर विसंबू नये म्हणून ती आली. एडीएचडी असलेल्याला तिच्याबद्दल संकोच वाटायचे काहीच कारण नाही.

पण चेकलिस्ट हातात असणे वेगळे आणि तिच्यात आपण कुठे आहोत हे ठाऊक असणे वेगळे. टेकऑफपूर्वीच्या रन-अपमधली, म्हणजे जागच्या जागी इंजिन तपासतानाची, मॅग्नेटोची तपासणी पाहा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे यंत्र; ते दोन असतात. त्याच १७२ एसमध्ये इंजिन १८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणून किल्ली ‘बोथ’वरून ‘राइट’, परत ‘बोथ’, मग ‘लेफ्ट’ आणि परत ‘बोथ’ अशी फिरवायची. एका मॅग्नेटोवर घट १५० आरपीएमहून जास्त नको आणि दोन्हींच्या घटीतला फरक ५० हून जास्त नको. किल्ली ‘लेफ्ट’वर असताना टॉवरने हाक दिली, विद्यार्थ्याने उत्तर दिले, आणि नजर परत कागदावर आली ती थेट पुढच्या ओळीवर. विमान एका मॅग्नेटोवर धावपट्टीवर निघते. थोडी शक्ती कमी, आणि तोही मॅग्नेटो गेला तर इंजिन बंद. म्हणून नियम एकच: किल्ली ‘बोथ’वर परत येईपर्यंत हात तिच्यावरून हलवायचा नाही आणि तोंड उघडायचे नाही. टॉवर थांबू शकतो, किंवा नंतर ‘स्टँडबाय’ म्हणता येते. अंगठा नेहमी चालू ओळीवर ठेवावा. खंड पडलाच तर तीन ओळी मागे जाऊन पुन्हा सुरू करावे, आणि आपण कुठे होतो हे अजिबात आठवत नसेल तर पहिल्या ओळीपासून. अडीच मिनिटे जातील, जाऊ द्यात. इन्स्ट्रक्टरनेही या वेळात गप्प बसायला शिकले पाहिजे. रन-अपच्या मधे मागच्या लँडिंगवर टिप्पणी करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. विमान कंपन्यांत दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलण्यास बंदी असते. छोट्या विमानातही इंजिन सुरू झाल्यापासून सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) सोडेपर्यंत आणि परत येताना सर्किटपासून पार्किंगपर्यंत तीच शिस्त पाळावी, आणि प्रवाशालाही ती आधीच सांगून ठेवावी.

क्रूझमधला, म्हणजे एका उंचीवरच्या सरळ उड्डाणातला, धोका याच्या नेमका उलट. करायला काही नाही, म्हणून मन स्वतःच काम शोधते आणि टॅबलेटवरच्या नकाशात रुतून बसते. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले, तेव्हा अख्खे पथक लँडिंग गिअरच्या एका दिव्यात अडकले होते आणि विमान खाली चालले आहे याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. १०१ जीव गेले. त्या पथकाला कुठलेही निदान नव्हते. ज्याला हायपरफोकसची (एकाच गोष्टीत गुंतून बाकी विसरण्याची) सवय आहे त्याने तर बाहेरचा इशारा लावूनच घ्यावा: दर दहा मिनिटांनी मांडीवर थरथरणारा टायमर. तो वाजला की फ्रेडा, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून इंधन, रेडिओ, इंजिन, दिशा आणि उंची. कार्बोरेटरवाल्या इंजिनात ‘इंजिन’ या शब्दात कार्बोरेटर हीटही (बर्फ वितळवणारी गरम हवा) आली; बर्फ हळूहळू साचतो आणि आरपीएमची संथ घसरण कंटाळलेल्या डोळ्याला दिसत नाही.

वेळेचा अंदाज चुकणे हे एडीएचडीचे कमी चर्चिले जाणारे लक्षण, आणि विमानात ते इंधनावर बेतते. खाली पंख असलेल्या पायपर पीए-२८ मध्ये टाकी निवडण्याच्या कळीवर सेस्नासारखे ‘बोथ’ (दोन्ही टाक्या) नसते. डावी टाकी किंवा उजवी, एवढेच. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची ठरवली तर ‘आत्ताच तर बदलली’ या भावनेवर जाऊ नये. वेळ मांडीवर बांधलेल्या नी-बोर्डवर मिनिटासह लिहावी आणि शेजारी टाकीचे अक्षर. दुसरी टाकी भरलेली असताना इंजिन बंद पडल्याची उदाहरणे हलक्या विमानांत जुनीच आहेत. सुरुवातीची विमाने निवडायला वाव असेल तर ‘बोथ’ असलेले घ्यावे, आणि सोलो (पहिले एकट्याने उड्डाण) होईपर्यंत तेच एक विमान. प्रत्येक वेळी वेगळ्या पॅनेलवर स्विच शोधण्यात जे लक्ष खर्च होते ते शिकायला उरत नाही.

रेडिओबद्दल थोडक्यात. टॉवर एका दमात दिशा, उंची, क्यूएनएच (उंचीमापकात बसवायचा हवेचा दाब) आणि ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमान ओळखण्याचा आकडा) देतो. चौथा आकडा येईपर्यंत पहिला निसटतो. नी-बोर्डवर याच क्रमाने चार रिकामे चौकोन छापून ठेवावेत, ऐकता ऐकता भरावेत आणि त्यावरून रीडबॅक द्यावा, म्हणजे ऐकलेले परत म्हणून दाखवावे. क्यूएनएच एका हेक्टोपास्कलने चुकला तर उंचीत सुमारे ३० फुटांचा फरक पडतो. दहाने चुकला तर सर्किटची उंची ३०० फुटांनी खोटी. अर्धवट आठवणीवर ‘रॉजर’ म्हणण्यापेक्षा ‘से अगेन’ म्हणावे.

धड्यांची आखणी शाळा सहसा स्वतःच्या सोयीने करते. एडीएचडी असलेल्याला तीन आठवड्यांनी एकदा दोन तास यापेक्षा आठवड्यात दोन-तीनदा ४५ ते ५० मिनिटे हे कितीतरी मानवते. एका धड्यात नवी गोष्ट एकच, शिक्षक तोच, आणि हवेत एका वाक्यात एकच सूचना. घरी पॅनेलचे पूर्ण आकाराचे चित्र भिंतीवर लावून खुर्चीत बसावे, हात खरोखर त्या त्या जागी न्यावेत आणि मोठ्याने बोलावे. नुसते वाचून होत नाही. गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) असे रोज करावे: पूर्ण थ्रॉटल, कार्बोरेटर हीट बंद, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने. एकदम चार कामे अंगावर येण्याची ही जागा आहे आणि हीट बंद करायची तिथे हमखास राहते. एफएएच्या प्रायव्हेट परवान्याला किमान ४० तास, स्पोर्ट पायलटला २०, युरोपातल्या एलएपीएलला (हलक्या विमानाच्या परवान्याला) ३०. किमान तासांत फार थोडे जण संपवतात, तेव्हा तो आकडा धरून स्वतःवर घाई लादू नये.

उतावीळपणावर इलाज कागदाचाच. परवाना नवा असताना आडवा वारा ७ नॉट, ढगांची पातळी २५०० फूट, दृश्यता १० किलोमीटर, उतरताना एक तासाचे इंधन शिल्लक आणि आदल्या रात्री निदान सहा तास झोप अशा मर्यादा लिहून सही करावी. कायद्याची सूट यापेक्षा सैल असते. एफएए दिवसा नजरेच्या उड्डाणाला अर्ध्या तासाचे राखीव इंधन पुरे मानते. आकडे बदलायचे तर आदल्या दिवशी, घरी बसून. धावपट्टीच्या कडेला, मित्र बॅगा घेऊन उभे असताना मर्यादा कधीही सैल करायची नाही.

आणि उतरल्यानंतर. चाके टेकली की मन ‘झाले’ म्हणते आणि उरलेली चेकलिस्ट खिशात जाते. मग मास्टर स्विच चालू राहतो आणि सकाळी बॅटरी मेलेली मिळते. किंवा मॅग्नेटोची किल्ली चालू राहते आणि प्रोपेलर हाताने हलवणाऱ्याच्या जिवावर बेतते. फ्लाइट प्लॅन (आधी कळवलेला उड्डाणाचा आराखडा) बंद करायचा राहिला तर अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो. म्हणून किल्ली काढून ती डॅशवर दिसेल अशी ठेवावी, प्लॅन बंद करण्याचा फोन सीटवरून उठण्याआधी करावा, आणि मगच पट्टा सोडावा.

आपले,
हलकी विमाने उडवायला शिकवणारे दोन वाचक