उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

चार बुशांच्या (सांध्यात बसणाऱ्या कड्यांच्या) टर्निंगचे पैसे तेवढे तुम्ही घेतलेत. आमच्या शेडात घालवलेल्या दोन रविवारांबद्दल मला बोलूच दिलं नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. शेजारच्या गाळ्यातला पोरगा तुम्हाला वाचून दाखवील. आणि आपल्या पिकअपला घरीच ट्रॅक्शन बार, म्हणजे मागच्या एक्सलला पिळू न देणारे दांडे, बसवायला निघालेल्या कुणाच्या हाती हे पडलं, तर माझ्या हातून होता होता राहिलेली चूक त्याच्याकडून व्हायची नाही.

आमचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. गुऱ्हाळापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाणंद, आणि शेवटी वीस-पंचवीस फुटांचा खडा चढ. गुळाचे तीस किलोचे रवे (ढेपा) भरून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागची चाकं जागच्या जागी उड्या मारायची. धडधड, धडधड. रव्याचा कोपरा उडाला की मार्केट यार्डात सौद्याला दर पडलाच. एका हंगामात जॉइंट क्रॉस, म्हणजे एक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा, दोनदा गेला. एका गॅरेजमध्ये ‘पाटा वाढव’ म्हणाले, म्हणजे स्प्रिंगची आणखी एक पट्टी घाल; वाढवला. रिकामी गाडी दगडासारखी आपटायला लागली, चढावरची धडधड होती तशीच.

कारण मी शोधलं होतं आणि तेवढं बरोबर होतं. इंजिन चाकाला पुढं फिरवतं, तेव्हा एक्सलचं हाउसिंग, म्हणजे त्याचं कवच, उलटं फिरू बघतं, प्रोपेलर शाफ्टकडचं त्याचं नाक वर उचलतं. कमानपाट्याच्या गाडीत त्याला धरायला पाट्यांशिवाय दुसरं काही नसतं. मग पाटे एस अक्षरासारखे पिळतात, पकड सुटली की झटक्यात सरळ होतात आणि पुन्हा पिळतात. क्रॉसचा कोन प्रत्येक झटक्याला बदलतो, म्हणून तो मरतो. एक्सलच्या खालून चेसीपर्यंत बार टाकला की हा पीळ अडतो. एवढ्या ज्ञानावर मी दोन बार बनवून, फक्त बुश करून घ्यायला तुमच्या गाळ्यात आलो होतो.

तुम्ही बार हातात घेतलात, फिरवून बघितलात आणि बाराबद्दल काहीच बोलला नाहीत. ‘पाट्याचं पुढचं बुश कवा बघितलंस?’ एवढंच विचारलंत. मी कधीच बघितलं नव्हतं. रविवारी तुम्ही आलात, पहारीनं पाट्याचा डोळा, म्हणजे बुश बसतं ते टोकाचं वेटोळं, हलवून दाखवलात, आणि मला लाज वाटली. डाव्या बाजूचं बुश पार खाल्लेलं, त्याच बाजूचे, पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल. म्हणजे निम्मी धडधड तिथंच होती. बार लावून मी ती झाकणार होतो. ‘यू बोल्ट काढलास न्हवं? आता नवंच घालायचं. ताणलेलं परत कसायचं न्हाई,’ असं तुम्ही बजावलंत.

मग खडू मागितलात. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. शेडाच्या फरशीवर तुम्ही एक खिळा धरलात, तो पाट्याचा पुढचा डोळा. दोरीला खडू बांधून चोवीस इंचांवर एक्सल मांडलात आणि चाक वर आल्यावर एक्सल कसा फिरतो ती कमान काढलीत. नंतर माझ्या बाराचं माप मागितलंत. चौदा इंच. चेसीला सोयीचं भोक तिथं होतं म्हणून मी तेवढाच ठेवला होता. चौदा इंचांवर दुसरा खिळा, दुसरी कमान. दोन्ही रेघा एका ठिकाणाहून निघाल्या आणि वर जाता जाता फाटत गेल्या. चाक चार इंच वर उचललं तर साधारण सहा मिलिमीटरचा फरक. ‘ही सहा मिलिमीटर कुठं जाणार? बुश खाणार, न्हाई तर ब्रॅकेट फाडणार. येक दिवस, भरल्या गाडीत, घाटात.’ मामा, आम्ही गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून माल देतो. तुम्ही ‘घाटात’ म्हणालात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

बार नवे झाले. लांबी पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाएवढी, तिरकेपणाही त्याच्याच जवळचा, पुढचा पिव्होट (फिरता सांधा) पाट्याच्या डोळ्याखाली. जोर लावल्यावर खालचा बार दाबला जातो, पातळ पाइप वाकतो, म्हणून तुम्ही जाड सीमलेस पाइपच घ्यायला लावलात. वेल्डिंगला तर तुम्ही हातच लावू दिला नाहीत. पाट्याजवळ उष्णता गेली की त्याचं पाणी उतरतं, एक्सलची नळी वाकडी होऊ शकते. त्यामुळं मागचं ब्रॅकेट यू बोल्टच्या खालच्या प्लेटमध्येच घेतलं, पुढचं चेसीच्या उभ्या अंगाला, तिथं आधीच असलेल्या भोकांत बोल्टनं. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला ड्रिल नाही म्हणजे नाही. बार काढला की गाडी पुन्हा होती तशी. आणि कायद्याचंही तुम्हीच सांगितलंत. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, तेव्हा ‘आधी आरटीओत विचारून ये, मग पाना धर’. मी जाऊन आलो, मगच पाना धरला.

पाना तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. स्टुलावर बसून बघत राहिलात. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चेसीखाली घोड्या, आणि मी फक्त जॅकवर भरवसा ठेवून डोकं आत घालतोय असं दिसल्यावर तुमचा आवाज चढला तो त्या दोन रविवारांत एकदाच. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल बाराला कुठं घासते का, ते मला चाक वर-खाली करून दोनदा बघायला लावलंत.

शेवटचं कसणं गाडी चाकांवर उतरवून. हे मला माहीतच नव्हतं. गाडी टांगलेली असताना बुश कसलं तर वजन आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. बाराच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आटे, ते फिरवून लांबी जुळवायची. ‘बोल्ट बोटानं आत गेला पायजे. हातोडी लागली तर बार चुकलाय.’ डावीकडचा पहिल्या फटक्यात गेला. उजवीकडच्याला मी पाऊण तास घेतला आणि तुम्ही चहासुद्धा तोवर घेतला नाहीत.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा कसले, एक यू बोल्ट थोडा फिरला. पाणंदीच्या चढाला आता चाक जमीन सोडत नाही. खडबडीत रस्त्यावर बाराचा थोडा आवाज आत येतो, तो तुम्ही आधीच सांगितला होता. गेल्या हंगामात क्रॉस बदलावा लागला नाही. आबा मागं रव्यांवर हात ठेवून बसायचे, ते आता पुढं माझ्याशेजारी बसतात.

मामा, मनापासून आभार. डाव्या बाजूच्या पुढच्या बुशला जरा खेळ आल्यासारखा वाटतोय. येत्या आठवड्यात काढून घेऊन येतो. सोबत यंदाच्या पहिल्या काहिलीचा रवा असेल, तो तरी परत पाठवू नका.

तुमचा,
पाणंदीवरचा पिकअपवाला