हायवेलगतचे टर्मिनल बंद करू नये, त्याचे गेट पूर्ववत उघडावे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रवासी वाहतूक विभाग, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी चेंबूरला राहते. गेली ११ वर्षं महिन्यातून एकदा तरी तुमच्याच बसने कराडला जाते. गेल्या शुक्रवारी आईला गावी सोडायला निघाले होते. रात्री साडेदहाची बस, आणि तिकिटावर बसायचं ठिकाण 'टर्मिनल' असं स्पष्ट छापलेलं. नऊ वाजता मेसेज आला की हायवेकडचं गेट बंद झालं आहे, पुढच्या उड्डाणपुलापाशी थांबा. पुलावर की पुलाखाली, ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही आणि आणखी सात-आठ जण खाली सर्व्हिस रोडला उभे राहिलो. बस वरून निघून गेली. ड्रायव्हरने फोन उचलला तेव्हा तो मानखुर्दच्या पुढे होता. ७१ वर्षांच्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या आईला टॅक्सीत घालून मी वाशी गाठली.

काउंटरवर विचारलं तर म्हणाले, अटल सेतू झाला, आता बसेस शिवडीहून सुटतील, इथलं टर्मिनल कायमचंच बंद होणार. सेतू चांगलाच आहे, दादर-परळच्या लोकांनी जरूर वापरावा. पण गोवंडी, घाटकोपर, विक्रोळीच्या माणसाने बॅगा घेऊन आधी उलटं शिवडीला जायचं आणि मग पनवेलची वाट धरायची? वाशीचा खाडीपूल आमच्या दारात आहे.

पुण्याचा एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण खुला झाला. ९४.५ किलोमीटरचा रस्ता, घाटात कोंडी नसली तर बस तिथे रखडत नाही. ती रखडते मुंबईतून बाहेर पडताना. तुमच्या टर्मिनलची सगळी किंमत त्या एका गेटात आहे: बाहेर पडून डावीकडे वळलं की थेट सायन-पनवेल हायवे. मध्ये सिग्नल नाही, यू-टर्न नाही. ते गेट बंद करून बस आतल्या गल्ल्यांतून फिरवली, की टर्मिनल रिकामं पडणार, आणि मग रिकामं आहे म्हणून ते मोडीत काढणं सोपं जाणार.

रस्त्यावर बस फार वेळ उभी करता येत नाही, मागून हॉर्न सुरू होतात, म्हणून ड्रायव्हर घाई करतो. डिकी नीट लागायच्या आत गाडी हलते. त्याला मी दोष देत नाही. टर्मिनलवर उजेड होता, बाकं होती, बायकांसाठी स्वच्छतागृह होतं, गाडी लागली की कंट्रोलर हाक मारायचा. पहाटे चारला एकटी उतरले तरी कधी भीती वाटली नाही. पुलाखाली यातलं काय आहे?

हायवेकडचं गेट ताबडतोब उघडावं. टर्मिनल बंद करण्याचा निर्णय झाला असेल तर तो मागे घ्यावा, निदान प्रवाशांशी बोलल्याशिवाय अमलात आणू नये. टॅक्सीचे ६२० रुपये मला परत मिळावेत. तिकीट, मेसेज आणि टॅक्सीची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आपली,
चेंबूरची एक नियमित प्रवासी