केली क्लार्कसन यांस, एका फुकट दिलेल्या सल्ल्याबद्दल

प्रिय केलीताई,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत टेक्ससमधल्या बर्लसन गावच्या गायिकेला मुंबई-पुण्याच्या स्टुडिओवाल्यांनी ताई म्हणावं, हा जरा आगाऊपणाच. पण जिने उपकार केले तिला नुसत्या नावाने हाक मारायला आमची जीभ वळत नाही.

हे पत्र १३ जुलै २०१९ च्या तुमच्या एका ट्विटबद्दल आहे. ट्विट जुनं झालं, पण ३० मे २०२५ ला गायिका टेलर स्विफ्टने आपल्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, विकत घेतल्याचं जाहीर केलं आणि आमच्या मंडळींत तुमचं नाव पुन्हा निघालं. तेव्हापासून ते निघतंच आहे. नव्या पोरापोरींचे करार वाचायला बसलो की पहिला चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतं, ‘केलीने सांगितलं ते विचारलंस का?’

जून २०१९ च्या शेवटी स्विफ्टची जुनी कंपनी विकली गेली आणि तिच्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं तिला न विचारता दुसऱ्याच्या मालकीची झाली. हळहळणारे पायलीला पन्नास होते. तुम्ही हळहळत न बसता उपाय सांगितलात. ज्यांचे मास्टर तुझ्याकडे नाहीत ती गाणी पुन्हा रेकॉर्ड कर, पहिल्यांदा केलीस अगदी तशीच. मुखपृष्ठ नवं दे. जुनी आवृत्ती घ्यावीशीच वाटू नये म्हणून चाहत्यांसाठी काहीतरी जास्तीचं घाल. आणि शेवटी लिहिलंत की केवळ मुद्दा सिद्ध करण्यासाठी तुम्ही स्वतः सगळ्या नव्या आवृत्त्या विकत घ्याल.

आम्ही अडकलो ते या शेवटच्या वाक्यात. सल्ला कोणीही देतं. पण त्याच बाजारात जिचे स्वतःचे अल्बम विकायला ठेवलेत, त्या गायिकेने दुसरीला ‘तुझी पहिली गिऱ्हाईक मी’ असं सांगायचं, आणि तेही फोनवर गुपचूप नाही, चारचौघांत! खासगीत सांगितलं असतं तर एकीचं भलं झालं असतं. उघड सांगितल्यामुळे वसईतल्या, इचलकरंजीतल्या, मडगावातल्या मुलामुलींना कळलं की गाणं आणि त्याचं मास्टर या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं माहीत असलेले लोक होते. त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं एकच पालुपद होतं, ‘सही कर, आधी नाव होऊ दे, पैशाचं नंतर बघू.’

तुम्हाला हे सुचलं यात आम्हाला नवल वाटत नाही. ४ सप्टेंबर २००२ ला तुम्ही अमेरिकन आयडलचा पहिला हंगाम जिंकलात, वय वीस. पहिलं गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५२ वरून थेट एकवर गेलं. बक्षिसात करार होता, आणि बक्षिसातल्या कराराची गंमत अशी की तो जिंकल्यावर वाटाघाटीला मिळत नाही. त्याच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. त्याच करारापायी २००३ मध्ये मनाविरुद्ध एका सिनेमात काम करावं लागलं. सोळाव्या वर्षी लिहिलेलं ‘बिकॉज ऑफ यू’ कंपनीने पहिल्या अल्बमसाठी नाकारलं. पुढे ते ‘ब्रेकअवे’त आलं, आणि तो अल्बम जगभर एक कोटीच्या वर खपला. नाकारणाऱ्यांनी नंतर काय म्हटलं असेल, हे ऐकायला आम्हाला फार आवडलं असतं. २००७ च्या ‘माय डिसेंबर’च्या तर प्रत्येक गाण्याच्या लेखनात तुमचा हात, आणि तोच कंपनीच्या वरिष्ठांना नको होता. २००९ मध्ये ‘ऑलरेडी गॉन’ची साथ दुसऱ्या एका गाजलेल्या गाण्यासारखी वाटते म्हणून तुम्ही अडून बसलात, तरी ते सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून बाजारात आलंच. आवाज तुमचा, नाव तुमचं, आणि शेवटचा शब्द मात्र दुसऱ्याचा. नवीन कंपनी निवडायला तुम्हाला २०१६ उजाडलं.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र उघड लिहितोय, त्यांनी इथून पुढचं नीट वाचावं. केलीताई, तुम्ही हवं तर चार ओळी गाळा.

शब्द आणि चाल हा एक हक्क, तो गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांनी ज्याला लिहून दिला त्याचा. रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, हक्क दुसरा. तो ज्याने खर्च केला त्याचा. अमेरिकी कायद्यात मास्टरची नक्कल म्हणजे त्या ध्वनीची प्रत; तसंच हुबेहूब पण नव्याने वाजवणं-गाणं ही नक्कल धरली जात नाही. तुमचा सल्ला उभा आहे तो याच फटीवर. ही फट कंपन्यांना आधीपासून ठाऊक होती, म्हणून करारात कलम असतंच: प्रकाशनापासून पाच वर्षं किंवा करार संपल्यापासून दोन वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. स्विफ्टच्या नव्या आवृत्त्या गाजल्यावर काही कंपन्या हीच मुदत दहा-पंधरा वर्षांवर, क्वचित तीसवर न्यायला बघतायत. म्हणून सहीआधी ‘उशिराचं’ या शब्दावर भांडायचं. मुदत प्रकाशनाच्या तारखेपासूनच मोजली जावी.

पुन्हा रेकॉर्ड करणं ऐकायला सोपं वाटतं, पण घाम तिथेच निघतो. जुन्या मास्टरमधला एक ठोका, एक टाळीसुद्धा उचलायची नाही. उचलली की दावा लागला. जुन्या गाण्याचा टेम्पो मोजून घ्यायचा, आणि ते क्लिकवर, म्हणजे कानात सारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर, वाजलेलं नसेल तर अंतऱ्यात तो किती सरकलाय तेही लिहून ठेवायचं. ते न करता सरळ क्लिकवर बसवलं की ऐकणारा म्हणतो, ‘काहीतरी बिघडलंय’, आणि काय ते त्याला सांगता येत नाही. मागच्या आवाजांचे थर मोजायचे, कारण कोरस दोन आवाज कमी झाला की ध्रुवपद फिकं पडतं. सगळ्यात अवघड गळा. अठराव्या वर्षीचे स्वर एकतिसाव्या वर्षी गोल होतात, श्वास लांबतो, शब्द तोडण्याची सवय बदलते. तेव्हा सुधारून गायचा मोह आवरावा लागतो. स्विफ्टने दौऱ्यांतले आपले वादक सोबत घेतले, त्याचा इथे उपयोग झाला. शेवटी नव्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख असलेला, क्रमांक आणि शीर्षकात ओळखू येईल असा फरक हवाच. नाहीतर ऐकण्याच्या अ‍ॅपवर नवी आवृत्ती जुन्याच्या खात्यात जमा होण्याची भीती.

नवं मुखपृष्ठ, जास्तीचं काही, असं तुम्ही म्हणाला होतात ना? एप्रिल २०२१ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत स्विफ्टचे चार अल्बम नव्याने आले ते अगदी तसेच. चित्र नवं, आणि सोबत तेव्हा बाजारात न आणलेली गाणी. दहा मिनिटांचं एक गाणं यादीत पहिलं आलं. दहा मिनिटांचं!

एक अडचण मात्र सांगायला हवी. हा डाव स्वतः लिहिणाऱ्याला जास्त फळतो. जाहिरात किंवा सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्ही हक्कांची परवानगी लागते. स्विफ्ट गीतकार असल्यामुळे जुन्या मास्टरला ती नकार देऊ शकली. जो फक्त गातो त्याच्या हाती तो नकार नसतो.

आणि आमच्याकडे बहुतेक जण फक्त गातात. इंडियन आयडलचं पहिलं पर्व मार्च २००५ मध्ये आमच्या मुंबईच्या अभिजीत सावंतने जिंकलं. पुढे मराठी आयडलही झालं. स्पर्धेत गायची बहुतेक सिनेमाची गाणी, ज्यांचे शब्द, चाल, मास्टर सगळं म्युझिक कंपनीकडे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३१-सी कलमाखाली कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड, करता येतं, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं गेल्यावर, आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ मोजून. नवख्या पोराला हे परवडणार कसं? मात्र २०१२ च्या दुरुस्तीने गायकालाही व्यापारी वापराची रॉयल्टी दिली आहे, हे त्याला सांगायला कोणाचं काय जातं? करार हातात देताना ‘हे सगळं स्टँडर्ड असतं’ म्हणणारे गोड चेहरे आम्ही पुष्कळ पाहिले. स्टँडर्ड असतं म्हणूनच वाचायचं असतं, महाराज. स्ट्रीमिंगला ‘विक्री’ धरलंय की ‘परवाना’, एवढं एक जरी बघितलं तरी वाटा कितीतरी बदलतो. तुम्हा आयडलवाल्यांच्या रॉयल्टीवरून ‘१९ रेकॉर्डिंग्ज’ नावाच्या कंपनीने २०१४ मध्ये सोनीवर दावा लावला, त्यातला एक मोठा वाद हाच होता.

तुमचं कौतुक आणखी एका गोष्टीसाठी. पुढे लोक स्विफ्टच्या नव्या आवृत्त्यांचं श्रेय द्यायला लागले तेव्हा तुम्ही ते घेतलं नाहीत. ती हुशार आहे, तिला सुचलंच असतं, म्हणालात. तिनेही दर नव्या आवृत्तीला तुम्हाला फुलं पाठवली. दोन यशस्वी बायका एकमेकींशी इतक्या सरळ वागतात, आणि आम्ही इथे एका ढोलकीवाल्याचं नाव श्रेयनामावलीत घालायचं की नाही यावर तासभर घालवतो. तुमच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सुरुवातच मुळी दुसऱ्याचं गाणं गाऊन होते, आणि ते कोणाचं हे तुम्ही लपवत नाही. चांगुलपणाला खर्च फार येत नाही, असं तुमच्याकडे बघून वाटतं. मग आमच्याकडे तो इतका महाग का, कोण जाणे.

पुन्हा रेकॉर्ड करण्याच्या कलमाशेजारी आता आमची मुलं समासात पेन्सिलने ‘के.’ लिहितात. समोरच्या वकिलाने विचारलं तर खुशाल सांगतात.

मनापासून आभार.

तुमचे,
मराठी गाण्यांच्या धंद्यातले काही रेकॉर्डिस्ट, अरेंजर आणि कोरसवाले

ता. क. ‘ऑलरेडी गॉन’ लागलं तर आम्ही बंद करत नाही. साथीचं तुमचं म्हणणं खरं असेल, पण गायलात झकास.