नानी पालखीवालांचं वॉशिंग्टनचं दप्तर लोकांसाठी खुलं करा

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मी बोईसरचा. तारापूर अणुवीज केंद्राच्या पंचक्रोशीत लहानाचा मोठा झालो. एका वर्षी बजेटनंतर वडील मला शटलने विरार आणि पुढे चर्चगेटला घेऊन गेले, ब्रेबॉर्न स्टेडियमवर नामवंत वकील नानी पालखीवालांचं बजेटवरचं भाषण ऐकायला. हाफिसातून परस्पर आलेली माणसं मांडीवर डब्याची पिशवी धरून बसली होती. पालखीवालांच्या हातात कागदाचा कपटाही नव्हता आणि करांचे आकडे मात्र धडाधड येत होते. लहानपणी हा माणूस बोलताना अडखळायचा, हे वडिलांनी परतीच्या गाडीत सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना.

टाटा सन्सचे संचालक, एसीसी ही सिमेंट कंपनी आणि टीसीएस ही संगणक-सेवा कंपनी यांचे अध्यक्ष, संसदेला संविधानाचा मूळ गाभा बदलता येत नाही हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यातले वकील, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी लागू झाली आणि लगेच त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींचं वकीलपत्र परत केलं. ज्या अशिलाची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालावर आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली होती, त्याच अशिलाला! माझ्या लेखी त्यांची खरी ओळख ही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाला त्यांनी मोठी देणगी दिली, तीही गाजावाजा न करता.

अशा माणसाला मोरारजी देसाईंच्या सरकारने 1977 मध्ये अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. परराष्ट्र सेवेशी त्यांचा काही संबंध नव्हता. नेमका त्याच वेळी आमच्या तारापूरचा प्रश्न पेटला. 1963 च्या करारानुसार तारापूरसाठी समृद्ध युरेनियम, म्हणजे अणुभट्टीचं इंधन, अमेरिकेने द्यायचं होतं. 1978 मध्ये तिथे अण्वस्त्रप्रसार रोखणारा नवा कायदा झाला आणि पुरवठ्यावर अटी आल्या. आमच्या दाराशी तयार होणाऱ्या विजेचं भवितव्य तेव्हा वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं आणि तिथे आपल्या बाजूने पालखीवाला होते.

ते तिथून दिल्लीला काय लिहीत होते? दिल्ली त्यांना काय कळवत होती? साहेब, आम्हा तारापूरकरांना हे वाचायचं आहे. 25 वर्षांहून जुने सरकारी कागद अभ्यासासाठी खुले करण्याचा नियम आहे. इथे तर पंचेचाळीसहून अधिक वर्षं उलटली. 1977 ते 1979 मधला त्यांचा तारापूरविषयक पत्रव्यवहार एकत्र करून छापावा, मराठीतही आणावा आणि एक प्रत पालघरच्या जिल्हा ग्रंथालयात ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
बोईसरचा एक नागरिक