परसातली उडी

वाई, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा थंडीत धरतो, एवढंच.

चिऊला पार्कुरचं वेड लागलंय. भिंतीवरून उड्या, कठड्यावरून चालणं, असलं. पॅरिसजवळच्या लिस गावातल्या दावीद बेल आणि त्याच्या दोस्तांनी हे सुरू केलं म्हणे. त्याचे वडील अग्निशमन दलात होते, अडथळे ओलांडायची त्यांची कसरत पोराने उचलली. हे सगळं मला चिऊनेच शिकवलं. पण ती घाटाच्या पायऱ्यांवर उड्या मारताना दिसली आणि पोटात गोळा आला. कुठला घाट ते तुला सांगायला नको. म्हटलं, बाई, तुला काय हवं ते परसातच बांधून देतो.

आणि जीव ओतून बांधलं रे. पेरूच्या पलीकडे, आबांचा गोठा होता तिथे. दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, परांचीचे पाइप रोवले, सिमेंट, वाळू, खडी १:२:४ असं काँक्रीट भरलं, ७ दिवस गोणपाट ओलं ठेवलं. आडवा पाइप जमिनीपासून फक्त १ फूट, तोल आधी खाली बसू दे. हात टेकून ओलांडायला १८ मिलिमीटर प्लायची पेटी केली, कडा रंध्याने मारल्या. प्लाय गुळगुळीत, म्हणून ओल्या रंगावर चाळलेली वाळू भुरभुरली. आता हात ठेवला की मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं. उतरायला ती गादी मागत होती. पण मऊ गादीत पाऊल रुततं आणि घोटा मुरगळतो. मी तालमीतल्या हौद्यासारखी तांबडी माती चाळून टाकली. पहिल्यांदा पाणी शिंपडलं आणि तोच वास आला, दिल्या! वस्तादांच्या सायकलच्या सीटला मल्लखांबाचं एरंडेल चोपडलंस तू आणि बैठका काढल्या मी. तो हिशेब अजून बाकी आहे.

आज सकाळची गोष्ट. गोठ्याच्या उरलेल्या दगडी ओट्यावरून पाइपवर उडी, दोन्ही पाय एकदम टेकवून जागच्या जागी थांबायचं. अंतर ५ फूट. जमिनीवर रेघ मारून तिने ती कितीदा तरी मारली होती. दंवाने लोखंड निसरडं होतं म्हणून पाइप मी स्वतः फडक्याने पुसला. तिने गुडघे वाकवले, हात मागे नेले, झेपावली. आणि ती हवेत असताना मी ओरडलो, "जपून!"

तिने मान वळवली. डावा पाय पाइपवरून सटकला, नडगी सोलली. पण पडता पडता पोरीने खांद्यावरून तिरकी कोलांटी घेतली, पाठीच्या कण्यावर भार येऊ दिला नाही. मातीतून उठली, रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी पडले नसते. तुम्ही ओरडलात."

हेच शब्द. तालमीच्या मागच्या भिंतीखाली मनगट पोटाशी धरून तू हेच म्हणाला होतास. आणि मी म्हणालो, "उडीच चुकली तुझी." तीस वर्षं तेच म्हणत आलो. तुझ्या लग्नाच्या पंगतीत भांडलो, तुझे मेव्हणे वाढायचे थांबले होते. दिवाळीतही तेच झालं, म्हणून तर फोन केला नाही.

दिल्या, तुझी उडी बरोबर होती. मी ओरडलो म्हणून तू पडलास. मला हे तेव्हाही ठाऊक होतं.

वहिनींची बदली झाली का? नव्या घराचा ताबा मिळाला का? बंड्याला बारावीचा अभ्यास कर म्हणावं.

चिऊच्या नडगीला हळद लावलीय. ती म्हणते, पुन्हा उडी मारणार, बाबा तुम्ही घरात बसा. घरात बसवणार नाही मला, आणि बाहेर राहिलो तर तोंड बंद राहील याची खात्री नाही. रात्रभर तेच चाललंय डोक्यात. मी घाटावरून उड्या टाकायचो तेव्हा तू पायरीवर गप्प बसायचास. मी पाण्यातून डोकं वर काढेपर्यंत एक शब्द नाही. पोहता तर तुला येत नव्हतं, जीव खालीवर होतच असणार. ते कसं जमायचं रे तुला?

शनिवारपर्यंत तिला थांबवलंय. शनिवारी ये. ती उडी मारेल तेव्हा माझ्याशेजारी उभा राहा.

तुझा,
नान्या