टॉवरवर पाटी लावून पोरं थांबत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराच्या आवारात हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या वायरलेसचा, टॉवर उभा राहिला की शेजारपाजारचे पहिलं रेडिएशनचं विचारतात. पण उद्या एखादं पोरगं वर चढलं तर काय, हे कोणीच विचारत नाही! मी स्वतः हॅम आहे, म्हणून लिहितोय.

तीन पायांचा जाळीदार टॉवर म्हणजे आयती शिडीच, आडव्या-तिरप्या पट्ट्या पार वरपर्यंत. आपले लोक काय करतात, तर 'चढू नये' अशी पाटी लावतात, फार तर कुंपण घालून गेटला कुलूप. आता अडकलेला बॉल काढायला निघालेलं पोरगं पाटी वाचत बसणारे का, आणि मोठ्या पोरांना तर पाटी बघून उलट जास्त चेव येतो. कुंपण असावंच, पण खरं अडवायचं ते टॉवरवर. खालचा आठ-दहा फुटांचा भाग तिन्ही बाजूंनी सपाट पत्र्याने बंद करायचा, पाय टेकेल अशी पट्टी किंवा बोल्टचं डोकं बाहेर ठेवायचं नाही. जाळी लावली तरी चालते पण भोकं इतकी बारीक हवीत की बुटाचं टोक सोडा, बोटही अडकू नये. शेजारी भिंत, शेड किंवा झाड असेल तर उंची तिथून मोजा, नाहीतर पोरं पत्र्याच्या वरूनच सुरुवात करतील. खाली थोडी फट ठेवा, पाणी साचत नाही आणि पायाला गंज चढतोय का ते दिसतं.

एक बाजू मात्र कुलूप काढून उघडता येईल अशीच करा. नाहीतर वर काम निघालं की आपणच पत्रे सोडतो, 'रविवारी बसवू' म्हणतो आणि तो रविवार काही येत नाही. पत्रे घट्टही हवेत, सैल राहिले तर वाऱ्यात वाजतात ते वेगळंच, पण रिसीव्हरमध्ये खरखरही येऊ शकते.

काही जण ग्रीस फासा म्हणतात. अहो, अर्ध्यावर गेलेल्याचा हात सटकला म्हणजे? आणि करंट सोडा म्हणणारे महाभागही भेटलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

धोका नुसता पडायचाच नाही. ऑपरेटर आत खोलीत बसून ट्रान्समिट करत असतो, टॉवरवर कोण आहे त्याला काय कळणार, आणि १०० वॅटवरसुद्धा अँटेनाच्या टोकाला हात लागला तर चांगलंच भाजतं. वरखाली होणारा टेलिस्कोपिक टॉवर असेल तर काम झालं की खाली घ्या, उंच असताना तर त्यावर मालकानेही चढू नये, भाग उचलून धरणारी केबल तुटली की ते एकात एक घसरतात आणि हातपाय मध्ये सापडतात.

टॉवरला बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारांचे टर्नबकलही (फिरवून तार घट्ट-सैल करायचे स्क्रू) तसेच उघडे नका ठेवू, त्यातून एक तार ओवून बांधून टाका म्हणजे कोणी चाळा म्हणून फिरवणार नाही. आणि शेजाऱ्यांनो, टॉवर काढा म्हणायच्या आधी मालकाला एवढंच विचारा, 'पत्रे कधी लावताय?'

आपला,
एक हॅम ऑपरेटर