फाटकात 11 सेंटिमीटर कमी पडतात

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून माझी आई व्हीलचेअरवर आहे. त्याआधी वीस वर्षं ती रोज सकाळी घराजवळच्या सार्वजनिक उद्यानात जायची. आता तिथल्या फाटकात लोखंडी खांब रोवलेत. मी टेप लावून पाहिली. दोन खांबांमध्ये 55 सेंटिमीटर, आईची खुर्ची 66. मागच्या मोठ्या फाटकाला कुलूप, आणि किल्ली माळीदादांकडे. ते येतात दहाला, तोवर भजनी मंडळातल्या तिच्या मैत्रिणी घरी गेलेल्या असतात. मागच्या आठवड्यात त्याच बाहेर आल्या, फुटपाथवर तिच्याभोवती उभ्या राहिल्या. सगळ्यांचेच गुडघे दुखरे, किती वेळ उभ्या राहणार? घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्यापासून नको नेऊस गं."

खांब उगाच लावले नाहीत, हे मला मान्य आहे. जॉगिंग ट्रॅकवरून दुचाक्या सुसाट जायच्या. माझ्या मुलाला एकदा हँडल लागता लागता राहिलं. पण स्कूटर आणि व्हीलचेअर रुंदीला जवळपास सारख्याच. फट अरुंद करून एक अडवली की दुसरी अडणारच, जुळ्यांची बाबागाडीसुद्धा. त्यांतला फरक खांबाला कळत नाही, माणसाला कळतो. आणि तो माणूस, सुरक्षारक्षक, फाटकाशी दिवसभर बसलेलाच असतो. फक्त त्याच्या हातात किल्ली नाही.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. फुटपाथवरच्या अशाच खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली, तीही व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाच्या ईमेलवरून. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज ये-जा करता यावी यासाठीचे, बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

आपण राज्यातल्या सर्व महापालिका आणि नगरपालिकांना एक परिपत्रक काढावं. उद्यानाच्या मुख्य फाटकातला एक खांब काढता-घालता येणारा असावा, तो काढल्यावर निदान 90 सेंटिमीटर वाट मिळावी, आणि उद्यान उघडं असेपर्यंत किल्ली रक्षकाकडेच राहावी. मागच्या फाटकाची सोय आम्हाला नको. आईला सगळ्यांबरोबर पुढूनच जायचंय. खांबांच्या कामाचं बिल मंजूर करण्याआधी अभियंत्याने तिथून खरी व्हीलचेअर, माणूस बसवून, नेऊन पाहावी. आमच्या उद्यानात पाहणी करायची असेल, तर आईची खुर्ची मी घेऊन येईन.

आपली,
एका व्हीलचेअरवरच्या आईची मुलगी